पेटीतला सत्ताविसावा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, आणि मला अजून कोणी एकदाही वापरलेले नाही. जुना असून कोरा, हे कसे, असे तुम्हाला वाटेल. पण माझे तसेच झाले आहे. माझे वय चौदा वर्षे, आणि त्यातली जवळजवळ अकरा वर्षे मी एका लाकडी पेटीत काढली आहेत.

मला समोर ठेवले तर तुम्ही मला आरसा म्हणणारही नाही. माझ्यात तोंड दिसत नाही. मी एक सहा कोनांची स्वच्छ काच आहे. मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरले तर जेमतेम कवेत येईन एवढा रुंद, आणि तीन बोटे जाड. माझ्यावर चांदीचा मुलामा चढायचा आहे, आणि तो इथे चढत नाही. तो चढतो दूरच्या एका डोंगरावर, दुर्बिणीत बसवायच्या अगदी आधी. तिथे मी अजून पोहोचलेलो नाही.

ती दुर्बीण एवढी मोठी आहे, की तिचा मुख्य आरसा एका काचेत घडवणे कोणालाच शक्य नाही. म्हणून माझ्यासारखे पाचशेच्या आसपास आरसे करायचे, आणि मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे एकमेकांशेजारी बसवून त्यांचा एक आरसा करायचा, असे ठरले. हे काम एकट्या देशाला झेपणारे नव्हते. पाच देशांनी मिळून ते अंगावर घेतले. ज्याने जेवढा भार उचलला, त्याच्या शास्त्रज्ञांना तेवढ्या रात्री दुर्बीण वापरायला मिळणार, असा करार झाला. आमच्या देशाने ऐंशी आरसे करून द्यायचा शब्द दिला. मी त्यांतला सत्ताविसावा. माझे नावही तेच पडले, सत्तावीस.

माझी काच दुसऱ्या एका देशातल्या भट्टीत ओतली गेली. ही काच उन्हात फुगत नाही आणि थंडीत आकसत नाही. ओतल्यावर मला कित्येक महिने हळूहळू निववले. घाई केली असती तर पोटात ताण राहिला असता आणि पुढे कधीतरी, काही कारण नसताना, मी तडकलो असतो. मग मी जहाजाने इथल्या कार्यशाळेत आलो. तेव्हा मी चाकासारखा गोल होतो.

कार्यशाळा अर्धी जमिनीखाली होती. खिडक्या नाहीत, दोन-दोन दारे, आणि बाराही महिने एकसारखा गारवा. आत येणाऱ्याला टोपी आणि कापडी जोडे घालावे लागत. तिथे मला मास्तर भेटले. ते घासकाम करणाऱ्यांचे प्रमुख होते. त्यांच्या वडिलांचे चष्म्याचे दुकान होते, आणि लहानपणापासून भिंगे घासून घासून मास्तरांच्या बोटांना डोळे फुटले होते, असे लोक म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "हा शांत आहे. ह्याच्याशी जमेल."

माझे घासकाम सोपे नव्हते. माझी जागा मोठ्या आरशाच्या काठाजवळ, एका बाजूला. म्हणून माझा खोलगटपणाही एकीकडे कललेला हवा. असा कललेला खळगा यंत्रावर घासता येत नाही. यंत्राला सरळ वाटीच जमते. त्यावर युक्ती अशी होती, की माझ्या कडेला लोखंडी ठोकळे चिकटवायचे, तरफा लावून मला केसभर वाकवायचे, आणि त्या वाकलेल्या स्थितीत साधी वाटी घासायची. काम झाले की तरफा सोडायच्या. मी आपोआप सरळ होतो आणि हवा तो कललेला आकार उमटतो. सांगायला हे दोन ओळींचे आहे. मी त्या तरफांमध्ये सहा महिने वाकून होतो.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मास्तर कसे होते ते कळेल. एका दुपारी घासताना बारीकसा 'कर्र' असा आवाज झाला. मास्तरांनी लगेच यंत्र बंद केले. माझ्या अंगावर बोटभर लांबीचा ओरखडा पडला होता. त्यांनी आपली बाही उलटून पाहिली. दुमडीत काच घासायच्या जाड पुडीचा एक कण अडकला होता. शेजारच्या दालनातून येताना दोन मिनिटे वाचवायला ते अंगरखा न बदलता आले होते. दालनात दुसरे कोणी नव्हते. यंत्र जुने होते, त्याच्यावर ढकलले असते तर कोणी हूं की चूं केले नसते.

मास्तर तडक मापाच्या खोलीत गेले आणि ताईंना घेऊन आले. ताई म्हणजे मापन करणाऱ्या इंजिनिअर. वयाने तेव्हा अगदी लहान, नोकरीला तीन महिने झालेल्या, तरी सगळे त्यांना ताईच म्हणत.

"हा ओरखडा माझ्यामुळे पडलाय," मास्तर म्हणाले. "बाहीत कण होता. यंत्राचं नाव लिहू नका."

ताईंनी वाकून पाहिले. "निघेल?"

"निघेल. सात आठवडे लागतील."

"मग आधी चहा घ्या, आणि लागा कामाला." ताईंनी वहीत खरे तेच लिहिले. त्या दिवसापासून त्या दोघांचे मेतकूट जमले ते कायमचे.

सात आठवड्यांचे नऊ झाले, पण ओरखडा गेला. पुढे माझे सहा कोन कापले, शेवटचा हात फिरवला आणि ताईंनी माझे माप घेतले. मी एखाद्या जिल्ह्याएवढा मोठा असतो, तर माझ्यावरचा सगळ्यात मोठा उंचवटा मोहरीच्या दाण्याएवढा भरला असता. इतका मी नितळ झालो होतो. ताई माप पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या, आणि मास्तर दारात उभे राहून उगाच टोपी काढत-घालत राहिले.

मग कौतुकाचे दिवस आले. मंत्री आले, फीत कापली, भाषणे झाली. "आपला देश आकाशाला डोळा देतो आहे," असे मंत्री म्हणाले आणि टाळ्या पडल्या. माझ्यासोबत फोटो काढायला एवढी रेटारेटी झाली, की मास्तर मागे ढकलले गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला त्यात त्यांचा अर्धा कान होता. मास्तरांनी ते कात्रण घरी नेले. त्यांच्या बायकोने कानावरून नवऱ्याला ओळखले, हे ते पुढे अनेक दिवस सगळ्यांना सांगत होते.

त्यानंतर मला पेटीत घातले. मऊ गाद्यांवर निजवून, चकचकीत जाड पिशवीत गुंडाळून, आत कोरडी हवा भरून वर सील लावले. पेटीच्या अंगाला, पिशवीतूनही आरपार, बांगडीएवढी एक काचेची खिडकी ठेवली. तिच्यामागे कागदाचा एक निळा ठिपका. आत दमटपणा शिरला की तो ठिपका गुलाबी होतो. त्या ठिपक्याच्या कडेने जेवढे दिसेल तेवढेच माझे जग उरले.

"सहा महिन्यांत जहाजात बसशील," झाकण लावताना ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तिकडे डोंगरावर काय झाले ते मला कोठारवाल्या नानांकडून कळले. नाना पेट्यांची देखभाल करत. रोज सकाळी येऊन ते प्रत्येक पेटीचा ठिपका बघायचे, वहीत खूण करायचे, आणि मग शेजारच्या पेटीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. ऐकायला आम्ही एकतीस आरसेच होतो, पण वाचताना त्यांचा आवाज सभेत वाचल्यासारखा असे.

त्यांनी वाचले, की ज्या डोंगरावर दुर्बीण उभी राहणार होती, तिथले लोक रस्त्यात बसले आहेत. तो डोंगर त्यांच्या पूर्वजांचा, त्यांच्या देवाचा. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. म्हातारी माणसे गाड्यांपुढे खुर्च्या टाकून बसली होती आणि उठायला तयार नव्हती. आमच्या दालनात काही जण चिडले. मास्तर मात्र म्हणाले, "दुसऱ्याच्या ओट्यावर पथारी पसरायची तर आधी हाक मारावी लागते. आपण मारली का? मग उठवलं तर राग कसला?" मला ते पटले. मला पाठवायला उशीर होणार हे कळत होते, तरीही पटले.

काम थांबले. डोंगर बदलायचा की लोकांशी बोलायचे, ह्यावर पाच देशांच्या बैठका सुरू झाल्या. पहिला मोठा देश म्हणाला, बाकीच्यांनी आधी आपला वाटा पक्का करावा, मग आम्ही. आमच्या देशाने उत्तर दिले, आधी मोठ्यांनी करावा, मग आम्ही. तूही राणी, मीही राणी, मग पाणी कोण आणी? नानांनी ही म्हण म्हणून वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्या दिवशी पुढे काही वाचले नाही.

सहा महिन्यांची दोन वर्षे झाली, दोनाची चार. नवे आरसे घासणे बंद झाले. दालनातली माणसे एकेक करून दुसऱ्या कामांवर गेली. मशीनवर कापडे चढली. मी त्या काळोखात पडून माझ्या आकाराचा विचार करत असे. माझ्यासारखा कललेला खळगा त्या दुर्बिणीत फक्त सहा ठिकाणी बसतो. दुसऱ्या कोणत्याही दुर्बिणीत मी बसत नाही. साधा काचेचा तुकडा असतो तर कोणाच्या टेबलावर तरी लागलो असतो. मला इतके नेमके घडवले, की माझ्यासाठी एक सोडून जगातली सगळी दारे बंद झाली.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी पेट्यांच्या रांगेतून फिरले. माझ्या पेटीवर त्यांनी बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक केली, कोणाच्या दारावर करावी तशी. 

ताई राहिल्या. दर वर्षी त्यांना भागीदार देशाच्या कार्यशाळेतून पत्र यायचे, की आमच्याकडे या, इथे घासकाम चालू आहे. दर वर्षी त्या लिहायच्या, हे एक वर्ष बघते. त्यांची आई त्यांच्यावर वैतागली होती. ताई ते नानांना हसत सांगत होत्या: "आई म्हणते, त्या काचेशी लग्न लावलंयस का तू? निदान त्या जावयात तोंड तरी दिसतं का?"

"मग काय सांगितलंत?" नानांनी विचारले.

"म्हटलं, मुलामा झाला की दिसेल." ताई हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. "नाना, मी गेले तर हे काय आहे ते सांगणारं इथं कोणी उरणार नाही. फक्त पेट्या उरतील."

पेटीत मी होतो, पण कुलूप आम्हा दोघांनाही लागले होते.

सातव्या वर्षी खात्याच्या सचिवबाई पाहणीला आल्या. उंच, करड्या केसांच्या, बोलायला मोजक्या. दालन दुसऱ्या कामासाठी हवे होते. त्यांनी ताईंना माझ्या पेटीसमोरच विचारले, "हे आरसे दुसरीकडे कुठे वापरता येतील का? दुसरी एखादी दुर्बीण, प्रयोगशाळा, काहीही?"

ताईंनी पेटीवर हात ठेवला. मला कळले, की 'हो' म्हटले तर आम्ही कुठेतरी मार्गी लागू, निदान शोभेला. 'नाही' म्हटले तर आम्हाला अडगळ ठरवायचा रस्ता मोकळा.

"नाही, मॅडम," ताई म्हणाल्या. "ह्यांचा आकारच तसा आहे. दुसरीकडे ठेवता येतील, वापरता येणार नाहीत."

"मग एवढी जागा अडवून ठेवायचे कशासाठी?"

"आपण शब्द दिलाय म्हणून."

सचिवबाईंनी काही लिहून घेतले आणि त्या गेल्या. महिन्याभरात आदेश आला, की दालन रिकामे करावे आणि पेट्या मागच्या शेडमध्ये हलवाव्यात. अंतिम निर्णय नंतर होईल. ताईंची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका कार्यालयात झाली. तिथे त्या दुसऱ्यांनी मोजलेल्या मापांचे तक्ते भरत.

हलवताना घात झाला. फोर्कलिफ्ट चालवणारा रोजंदारीवरचा होता. त्याला पेटीत काय आहे ते कोणी सांगितलेच नव्हते. शेडच्या उंबऱ्यावर पेटी एका अंगावर कलली, आत एक गादी सरकली, आणि पिशवी कोपऱ्यात टाचणीएवढी फाटली. शेडचे छप्पर पत्र्याचे होते. दिवसा आत भट्टी, पहाटे पत्र्याला घाम. तो दमटपणा त्या टाचणीएवढ्या भोकातून आत येऊ लागला. आधी मला काहीच जाणवले नाही. मग कोपऱ्यात एक ओलसर गारवा येऊन बसला आणि जाईना.

नानांना ठिपका फिकट जांभळा दिसला, आणि आठवड्याभरात गुलाबी. माझा एकट्याचाच नव्हे, हलवताना तशाच कललेल्या एकूण सहा पेट्यांचा. नानांनी पत्र लिहिले. उत्तर नाही. दुसरे लिहिले. उत्तर आले, की पत्र मिळाले, योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे. तिसरे लिहिले. तेव्हा कळवले गेले, की करारानुसार सील दोन देशांच्या प्रतिनिधींसमोरच उघडता येते, आणि तशी भेट सध्या ठरलेली नाही.

काचेलाही बुरशी लागते, मित्रांनो. ती काचेवर जाळे विणते आणि तिच्या आम्लाने काच खाऊन टाकते. मग तो डाग पुसून जात नाही. मी पेटीत पडून ते जाळे स्वतःच्या अंगावर पसरताना अनुभवत होतो. ओरडायला तोंड नाही, हलायला जागा नाही. एवढ्या वर्षांत मी कंटाळलो होतो, उदास झालो होतो, पण घाबरलो तो तेव्हाच.

नानांनी शेवटी ताईंना फोन केला. "ताई, मी शिपाईगडी माणूस. मला सील तोडायचा अधिकार नाही. पण सत्तावीस आतून कुजतोय एवढं मला कळतंय."

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून आल्या. बरोबर मास्तर होते. मास्तर बसने आले होते आणि त्यांच्या पिशवीत धुतलेल्या कापसाच्या गुंडाळ्या होत्या. तिघे माझ्या पेटीपाशी उभे राहिले.

"सही कोण करणार?" नानांनी विचारले.

"मी," ताई म्हणाल्या.

"नोकरीवर येईल."

"येऊ दे."

सील तुटले. पुष्कळ वर्षांनी माझ्यावर उजेड पडला, आणि मला पहिल्यांदा दिसले ते मास्तरांचे तोंड. ते फार म्हातारे झाले होते. त्यांनी शुद्ध पाण्यात कापूस भिजवला आणि माझ्यावर टेकवला. त्यांचा हात थरथरत होता.

"मास्तर, हात..." ताई म्हणाल्या.

"तो चहाचा कप धरताना थरथरतो. काचेवर नाही."

पण थरथरत होता. मला कळत होते, आणि त्यांनाही. थोड्या वेळाने त्यांनी कापूस नानांपुढे धरला. "नाना, तुम्ही पुसा. मी सांगतो तसं."

नाना दोन पावले मागे सरले. "मी? एवढ्या वर्षांत मी कुठल्या आरशाला बोट लावलं नाही, मास्तर."

"म्हणूनच. तुमच्या हाताला अजून वाईट सवय नाही. दाबायचं नाही. कापूस त्याच्या स्वतःच्या वजनानं ओढायचा. एकदा ओढला की टाकून द्यायचा, नवा घ्यायचा. घाई नाही."

नानांनी श्वास रोखून पहिला हात ओढला. मग दुसरा. दुपार झाली तरी तिघे जेवायला उठले नाहीत. सहा पेट्या उघडल्या. दोन आरशांवर जाळे आरपार पसरले होते; ते गेले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहून मान फिरवली. चार वाचले. त्यांत मी होतो, कोपऱ्यात नखाएवढा धुरकट डाग घेऊन. ताईंनी नव्या पिशव्या लावल्या, कोरडी हवा भरली आणि वहीत कोणी, कधी, कशासाठी उघडले ते सगळे लिहून खाली सही केली.

नोटीस पंधरा दिवसांत आली. करार मोडल्याबद्दल चौकशी. आणि एका सकाळी सचिवबाई स्वतः शेडमध्ये आल्या. ताईंना बोलावले होते. नाना वही घेऊन बाजूला उभे होते.

सचिवबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही 'दुसरीकडे चालतील' म्हणाला असतात ना, तर मी हे आरसे एखाद्या संग्रहालयाला देऊन मोकळी झाले असते. तुम्हाला हे सगळं भोगावं लागलं नसतं."

"खोटं झालं असतं, मॅडम."

"आणि सील? तुम्हाला नियम माहीत होता."

"होता." ताई म्हणाल्या. "एक विचारू? मी सील तोडलं नसतं तर सहाही आरसे गेले असते. मग चौकशी कोणाची झाली असती?"

सचिवबाईंनी हातातल्या नोटिशीकडे पाहिले.

"कोणाचीच नाही, मॅडम. बिघडायला कोणाची सही लागत नाही. वाचवायला लागते."

 मग सचिवबाईंनी नानांकडून वही मागितली आणि उभ्या उभ्या पाने उलटली. आठ वर्षांच्या खुणा होत्या, रोजच्या. त्यांनी माझ्या खिडकीला डोळा लावला. एवढ्या जवळून मला पाहणाऱ्या त्या पहिल्या अधिकारी.

ताईंना ताकीद मिळाली आणि त्यांची बढती एक वर्ष लांबली. ते टळले नाही. पण शेडवर पक्के छप्पर आले, गारवा आला, आणि ठिपका बदलला तर जागेवरच्या माणसाने त्याच दिवशी पेटी उघडावी, असा नवा नियम आला. तो भागीदार देशांनीही मान्य केला. त्याच वर्षी आमच्या देशाने ठरवले, की करारातून बाहेर पडायचे नाही. वाटा मात्र अर्धा केला. ऐंशीऐवजी चाळीस आरसे. आमच्या शास्त्रज्ञांना रात्रीही अर्ध्याच मिळतील. काहींनी त्यावर नाके मुरडली. मला विचाराल तर अर्धा शब्द पाळणे हे पूर्ण शब्द विसरण्यापेक्षा बरे.

डोंगर दुसरा ठरला. ह्या वेळी तिथल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारले. वर्षभर बोलणी चालली. त्यांनी अटी घातल्या, काही जागा वगळायला लावल्या, आणि मग होकार दिला.

ताई परत आल्या. माझ्या कोपऱ्यातला डाग दोन नव्या तंत्रज्ञ मुलींनी काढला, आणि मास्तर खुर्चीत बसून त्यांना ओरडत होते. मधल्या काळात त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. "माझ्या डोळ्यात आता दुसऱ्या कोणीतरी घासलेलं भिंग आहे," ते मुलींना म्हणाले. "बरं घासलंय. काठाला मात्र घाई केलीय मेल्यानं."

मग मला पुन्हा पेटीत घातले. त्यालाही दीड वर्ष होत आले. जहाजाची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. डोंगरावर पाया खणतात, असे नाना वाचून दाखवतात. ते आता निवृत्त आहेत, पण महिन्यातून एकदा येतात. दुर्बीण उभी राहिली तर मी पाचशेंतला एक असेन. तिथे दिसणाऱ्या एखाद्या दूरच्या ताऱ्याचा उजेड माझ्यावरून गेला की शेजाऱ्यावरून, हे कोणाला सांगता येणार नाही. त्याचे मला काही वाटत नाही.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताई परवा नानांना सांगत होत्या, की आमची फाईल त्यांनी पहिल्यापासून वाचली. अकरा वर्षांत सात अधिकारी बदलले, आणि बहुतेकांनी कोपऱ्यात एकच शब्द लिहून ठेवला होता: 'पाहू'. त्या शब्दात कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते. कोणी रागावलेले नव्हते. तरी त्याच शब्दाने दोन आरसे खाल्ले आणि एका बाईची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली.

म्हणून, मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कोणाचे काम तुमच्यापुढे येईल, तेव्हा ते करायचे असेल तर करा. करायचे नसेल तर तोंडावर 'नाही' म्हणा. 'नाही' ऐकले की माणूस रडतो, उठतो आणि दुसऱ्या वाटेला लागतो. पण 'पाहू' म्हणून कोणाला पेटीत ठेवू नका. तो शब्द तुमचा नाही. तो आमचा आहे, आरशांचा आणि दुर्बिणींचा, आणि मला तो एकदा तरी डोंगरावर जाऊन, आकाशाकडे तोंड करून, खराखुरा म्हणायचा आहे.